सुभेदार नानांचा मुद्देमाल

बैल नाही, गोठा नाही, शेत तर भावाला देऊन टाकलेलं, आणि हा माणूस दरवर्षी पोळ्याच्या आधी माझ्या दुकानात येऊन कवड्या मागतो. आता तुम्हीच सांगा, संशय येईल की नाही?

माझं पारोळ्यात कटलरीचं दुकान. कटलरी म्हणजे आमच्याकडे बांगड्या, टिकल्या, मणी, रिबिनी, पिना. श्रावण सरत आला की बाहेरच्या फळीवर मी बैलांचा साज मांडते. गोंडे, घुंगरमाळा, कवड्यांच्या माळा. शेतकरी येतात, घासाघीस करतात, नेतात. सुभेदार नाना मात्र यायचे भर दुपारी, दुकानात कुत्रं नसताना. तयार माळांकडे ढुंकून बघायचे नाहीत. सुट्या कवड्या काढायला लावायचे आणि एकेक उचलून दातावर वाजवायचे.

"प्लास्टिकनी शे ना?"

"खरी आहे, नाना."

"कशावरून?"

हा त्यांचा शब्द. उभं आयुष्य ते या एका शब्दावर जगले. दूधवाला म्हणाला, म्हशीचं आहे, कशावरून? डॉक्टर म्हणाले, नुसता वात आहे, कशावरून? देवळात पुजाऱ्यानं सांगितलं, आज एकादशी. तर घरी जाऊन पंचांग बघून आले आणि मगच उपास धरला. गावात त्यांना मागून 'कशावरून नाना' म्हणत. त्यांना ते माहीत होतं, फक्त पहिल्यांदा कोण म्हणालं याचा तपास काही लागला नाही.

उंच, वाळका माणूस. मिशा चोख, शर्टाला कडक इस्त्री, आणि विजार मात्र सतत घसरायची. फौजेत आयुष्य गेलेला माणूस, पण कमरेला पट्टा कधी नाही. सुतळीसारखी एक दोरी बांधायचे आणि बोलता बोलता विजार वर ओढायचे. मी एकदा म्हटलं, "नाना, चांगला चामड्याचा पट्टा देऊ का? आहे माझ्याकडे." तर असे बघायला लागले, जसं काही मी त्यांच्या चहात काहीतरी कालवलंय. "एकडाव बांधा व्हता, तेवढा पुरे," म्हणाले आणि चालते झाले.

चहावरून आठवलं. कुणाच्याही घरी गेले की घरच्या माणसानं पहिला घोट घेतल्याशिवाय कप तोंडाला लावायचे नाहीत. बसायचे ते भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची जुडी घेतली तरी पावती मागायचे. भाजीवाला हात जोडायचा. "नाना, जुडी फुकट घ्या, पण पावती मागू नका." त्यावर नाना जुडी जागेवर ठेवायचे. "फुकट कोनी काही देत नही," म्हणायचे, "फुकट देस तो मांगून काहीतरी लेस."

हसू येतं खरं, पण या संशयानं आमच्या घराचं एकदा भलं केलंय, ते सांगितलं नाही तर कृतघ्नपणा होईल. माझी पुतणी पूर्वा. तिला सावद्याचं स्थळ आलं होतं. मुलगा देखणा, बोलायला गोड, केळीची मोठी बाग. मुलाच्या वडिलांनी आम्हाला बागेत फिरवलं, घडांवर हात फिरवून दाखवला. आमचे दीर तर तिथेच विरघळले. सुपारी फोडायची तेवढी बाकी होती. नानांना पेढा द्यायला गेले तर म्हणाले, "बाग त्यासनीच शे, कशावरून?" मला असा राग आला! शुभ बोलायचं सोडून हे काय? दुसऱ्या दिवशी हा माणूस एकटा एसटीनं सावद्याला गेला. बागेत मजूर घड कापत होते, त्यांच्यात जाऊन बसला, तंबाखू मळली आणि विचारलं, मजुरी कोण देतं? नाव निघालं ते तिसऱ्याच माणसाचं. बाग त्याची, आमच्या व्याह्यांची नव्हेच. ते नुसते शेजारी.

स्थळ मोडलं. पूर्वा महिनाभर रडली, मग धुळ्याला फार्मसीच्या कॉलेजात गेली. त्या दिवसापासून आमच्या घरात नानांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. पण माझ्या मनातला कवड्यांचा किडा काही मेला नव्हता.

कारण गल्लीत कुजबुज होतीच. आमच्याकडे कवड्या म्हटलं की एक तर बैल, नाही तर देवीचे भुत्ये, नाही तर भलतंसलतं. नाना काही भुत्ये नव्हते. मग उरलं काय? त्यांच्या शेजारणीनं तर सांगितलं, की खाटेखाली लोखंडी ट्रंक आहे, किल्ली करदोड्याला बांधलेली असते, आणि वर्षातून एकदा दार लावून ते आत काहीतरी करतात. अमावास्येच्या सुमारास. आता पोळा येतोच अमावास्येला, त्याला नाना काय करणार? पण बायका ऐकतात थोड्याच.

एकदा त्यांची बायकोच, अक्का, दुकानात आल्या. केसांच्या पिना घ्यायचं निमित्त. पिना हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "ताई, हे कोनासाठी कवड्या लेतस? तुमले काही सांगं का?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

अक्कांनी इकडेतिकडे पाहिलं. "ते न्हावाले गयथात, किल्ली खाटवर राही गयथी, तवय मी एकडाव ट्रंक उघडी. आत कमरपट्टा शे, ताई. बठ्ठा कवड्यासना आनि निळ्या मन्यासना. बाईना कमरपट्टा." त्यांनी पिना फळीवर ठेवल्या. "तिकडली कोनीतरी शे. तिनी दिधा."

तिकडली म्हणजे आफ्रिकेतली. नाना निवृत्त व्हायच्या आधी शांतिसेनेच्या तुकडीबरोबर काँगोत जाऊन आले होते. निळी टोपी घातलेला त्यांचा फोटो घरात भिंतीवर आहे. त्या फोटोखाली बसून अक्कांनी इतकी वर्षं भाकरी वाढली होती आणि अवाक्षर काढलं नव्हतं. मी तर थक्कच झाले. हा माणूस जगावर संशय घेत फिरतोय आणि याच्या घरात याच्यावरच पाळत आहे! खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. आपल्याकडे कमरपट्टा नवरी घालते. पुरुषाच्या ट्रंकेत तो कशाला येईल?

मग पूर्वाच्या शेवटच्या वर्षाला पोळ्याची सुट्टी आली आणि ती वर्गातल्या मैत्रिणीला घरी घेऊन आली. ग्रेस तिचं नाव. काँगोची. धुळ्यात राहून हिंदी फाडफाड बोलायची, आमच्या मिरचीच्या ठेच्यावर तर पूर्वापेक्षा जास्त तुटून पडायची. दुपारी दोघी दुकानात आल्या. फळीवरच्या माळा बघून ग्रेस एकदम थांबली.

"आंटी, ये किसके लिए?"

"बैलासाठी. बैलपोळा आहे ना."

"बैल पहनेगा?" तिनं तोंडावर हात घेतला आणि पोट धरून हसली. "हमारे यहाँ ये राजा पहनता है! राजा और उसके बड़े लोग. टोपी, पट्टा, सब इसी का."

नेमके नाना तेव्हा दुकानात होते, गल्ल्याच्या पलीकडे, दातांत कवडी धरून. कवडी तोंडातून पडली. त्यांनी ग्रेसकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे. आणि छत्री तिथेच टाकून निघून गेले. बाहेर पाऊस होता.

संध्याकाळी निरोप आला, एकटीच या. गेले. नाना भिंतीला पाठ लावून बसलेले, चेहरा उतरलेला.

"ती पोरगी कोन शे?"

"पूर्वाची मैत्रीण."

"कशावरून? तिले कोनी धाडी?"

"नाना, आता पुरे झालं," मी म्हटलं. मी काही गरीब गाय नव्हे. "तिला कोण कशाला धाडेल? तुम्ही काय चोरी केली आहे का तिथं?"

मला वाटलं, उसळतील. पण ते खाली बघत म्हणाले, "चोरी नही. लाच लिधी."

अक्का आत चुलीपाशी होत्या. तिथला भांड्यांचा आवाज थांबला.

नानांनी सगळं सांगितलं ते असं. एका नदीच्या पुलावर त्यांची चौकी होती. इकडच्या गावांतून माणसं पळून पलीकडे जात. नानांचं काम झडती घ्यायचं. आणि नानांची झडती म्हणजे काय विचारता! भाताचं गाठोडं सोडायचे, लेकराच्या दुपट्यात हात घालायचे. एक म्हातारा रोज टोपली घेऊन यायचा. कुबा नावाच्या तिथल्या जमातीतला, कुणीतरी मानाचा माणूस असावा, कारण बाकीचे त्याला वाट द्यायचे. नाना त्याचीही टोपली उपडी करायचे, काठी ठोकून बघायचे, चिलमीत काडी घालून बघायचे. म्हातारा रागवायचा नाही. हसायचा.

एक दिवस गावाकडून गोळीबाराचा आवाज आला. पुलावर झुंबड उडाली. म्हातारा त्या दिवशी टोपलीशिवाय आला, बरोबर बायका, पोरं, गाठोडी. नाना त्यांना अडवायला पुढे झाले, तर म्हाताऱ्यानं आपल्या अंगावरच्या कापडाखालून हा पट्टा काढला आणि नानांच्या गणवेषावरून त्यांच्या कमरेला बांधला. स्वतःच्या हातानं, सावकाश, गाठ मारून. नाना गोंधळले. तेवढ्यात ती माणसं बाजूनं पार झाली. एवढ्या दिवसांत झडती न घेता सोडलेली तेवढीच माणसं. नानांनी वळून पाहिलं तर म्हातारा गर्दीत दिसेनासा झालेला. पुन्हा तो कधी आला नाही.

"पट्टा कमरेले आनि मानसं पार," नाना म्हणाले. "त्या गाठोड्यासमा काय व्हतं, कोनले माहीत? बंदुका व्हत्या का? मंग त्या बंदुकाखाल कोन मरनं? माले झोप लागत नही, ताई. मी आयुष्यात कोनाना चहा फुकट पिना नही."

म्हणून तो पट्टा त्यांनी ट्रंकेत कोंडला. मुद्देमाल म्हणायचे त्याला. मुद्देमाल जसाच्या तसा ठेवावा लागतो, म्हणून दोरा कुजला की नवा ओवायचा, कवडी फुटली की तशीच बघून बसवायची. कधीतरी कुणीतरी विचारायला येईल, तेव्हा पुढे ठेवता आला पाहिजे. आणि आज काँगोची पोरगी माझ्या दुकानात उभी. त्यांना वाटलं, आली वेळ.

मी उठले आणि ग्रेसला बोलावून आणलं. नाना नको नको म्हणत होते, पण अक्कांनी आतून येऊन सरळ हात पुढे केला. "किल्ली द्या."

पट्टा खाटेवर ठेवला. चांगला वीतभर रुंद, झाडाच्या धाग्यांच्या विणीवर कवड्यांच्या रांगा, मधोमध निळ्या-पांढऱ्या मण्यांची एकमेकांत अडकलेली गाठ. ग्रेस ओढणी सावरून जमिनीवरच बसली. हात लावला नाही. तिच्या आईचं माहेर त्याच लोकांतलं निघालं.

"ये औरत का नहीं है," ती म्हणाली.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, बघवलं नाही.

ग्रेसनं सांगितलं, हा पट्टा मानाच्या पुरुषाचा. तो कुणी विकत नाही, कुणाला देत नाही. माणूस मेला की त्याच्याबरोबर पुरतात. हा अंगावर नसला तर पलीकडे गेल्यावर आपलेच बापजादे आपल्याला ओळखत नाहीत, असं तिची आजी सांगायची. लढाईच्या दिवसांत चोर थडगी उकरत, कारण परदेशातले शौकीन या पट्ट्यांना वाट्टेल ती किंमत देतात. "रिश्वत में कोई ये नहीं देता, अंकल. इसके बिना तो वो मर भी नहीं सकता ठीक से."

"मंग माले काबर दिधा?" नाना ओरडलेच. "कशावरून लाच नही?"

उत्तर अक्कांनी दिलं. "लाच देनारा आपन पार जास. तो गया का पार?"

अक्का त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"सांगा ना. तुम्ही त्याले पुलावर पाहं का?"

"नही," नाना म्हणाले. "पलीकडे नही. त्यानी काठी माले दिसनी. गर्दीना वर. मांगे जाई राहिंथी. गावाकडे."

गोळीबाराकडे. मग अक्का रडत रडत हसायला लागल्या. इतक्या वर्षांचं बाहेर येत होतं ते. "बराबर मानूस निवडा त्यानी! जो चिलमीमा काडी घाली पाहस, त्यापानथीन कोन चोरी लेई जाई? ठेव ठी गया तो तुमनाजोडे. आनि तुम्ही त्याले लाच म्हनतस. आनि मी..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. नानांना ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

ठेव म्हटली की परत करायला हवी. इथून नानांचे हाल सुरू झाले. परत करायची कुणाला? म्हाताऱ्याचं नाव माहीत नाही. ग्रेस परीक्षा झाली की कायमची परत जाणार होती. ती म्हणाली, आजीच्या गावी नेते, मण्यांच्या गाठीवरून जाणती माणसं घराणं सांगतील. नाना उन्हाळ्यापर्यंत कुढत होते. धुळ्याला जाऊन तिच्या कॉलेजात चौकशी करून आले, ती राहायची त्या घराच्या मालकाला भेटून आले. दुकानात येऊन मला विचारायचे, "तुमले काय वाटस?"

मी खरं तेच सांगितलं. पोरगी गोड आहे, पण गोड तर सावद्याचा मुलगाही होता. तीच म्हणाली ना, परदेशात वाट्टेल ती किंमत येते? मग विमानात बसल्यावर तिला कोण बघतंय? मी म्हटलं, "नाना, ती पोचवेल कशावरून?"

त्यांनी विजार वर ओढली आणि निघून गेले.

ग्रेस निघाली त्या दिवशी नाना, अक्का, पूर्वा आणि मी धुळ्याच्या बसस्टँडवर होतो. अक्कांनी तिची ओटी भरली, खण-नारळ. मग नानांनी पिशवीतून पट्टा काढला. मला वाटलं, बॅगेत ठेवायला देतील. पण ते तिच्यासमोर वाकले आणि कुडत्यावरून तिच्या कमरेला स्वतःच्या हातानं बांधला. सावकाश, गाठ मारून. स्टँडवरची माणसं बघत होती. पोरीचे डोळे भरून आले. तिनं आपणहून विचारलं, "अंकल, रसीद लिख दूँ?"

"नको," नाना म्हणाले.

बस गेली. ती घरी पोचल्याचा एक निरोप पूर्वाच्या फोनवर आला, आणि नंतर काही नाही. नंबर लागेना. पूर्वा म्हणे, तिकडे पुन्हा गडबड सुरू आहे, गावांत फोन चालत नाहीत. असेलही. गावाला काय, विषयच मिळाला. कशावरून नाना फसले! इतकी वर्षं जपलं आणि एका पोरीच्या हाती देऊन बसले. मीही बोलले, उगाच सोवळं कशाला होऊ. माझ्या मनातली अढी आजही पूर्ण गेलेली नाही.

त्या वर्षी थंडीत नाना गेले, झोपेतच. पण मला ते आठवतात ते त्याच्या आधीच्या पोळ्याचे. तेव्हा ते सकाळीच आले, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना. कवड्या मागितल्या नाहीत. "ताई, तो चामडाना पट्टा शे का अजून?" मी काढून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिलाही नाही, तिथेच विजारीत ओवला आणि बक्कल लावलं.

रस्त्यावरून बैल चालले होते, गळ्यात माझ्याच दुकानच्या कवड्या. फळीपाशी उभा असलेला एक जण मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "काय नाना, उनी का काही खबर?"

"नही."

"मंग पोचाडं व्हई तिनी, कशावरून?"

दुकानातली सगळी हसली. मीसुद्धा. नाना हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बैल पुढे सरकेपर्यंत बघत राहिले.

"त्या म्हाताऱ्या बाबानी माले इचारं व्हतं का," ते म्हणाले, "कशावरून?"

आणि पायरी उतरून, बैलांच्या मागून, घराकडे चालायला लागले. विजार वर ओढायला हात कमरेकडे गेला, पट्ट्याला लागला, आणि तसाच खाली आला.